लाखेचं पॅकिंग

मागच्या वर्षी बाबांनी गॅरेज बंद केलं आणि त्याला कारण झाली आमची स्वतःची गाडी. गाडी लहान, पांढरी आणि चांगलीच जुनी. मी कॉलेजात असताना त्यांनी ती कुणाकडून तरी खिळखिळ्या अवस्थेत आणली आणि स्वतःच्या हातानं उभी केली होती. तिच्या मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी आहे. टाकीच्या वरच्या तोंडाला, पेट्रोल किती उरलं ते सांगणारा फ्लोट जिथं बसतो, तिथलं पॅकिंग गळायला लागलं. गाडी उभी असली की काही त्रास नाही. टाकी भरून रस्त्याला लागलं, चार गचके बसले, की पेट्रोल उसळून त्या सांध्यातून पाझरायचं आणि गाडीत असा वास कोंडायचा की डोकं भणभणून जायचं.

बाबांनी सांधा उघडला, पॅकिंग बदललं, आवळला. आठवडाभर बरं गेलं आणि पुन्हा वास. पुन्हा उघडला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी आईनं रस्त्यातच गाडी थांबवायला लावली आणि उतरून बांधावर बसून ओकली. त्या दिवशी बाबांनी घरी येऊन गाडी चिंचेखाली लावली, तिच्यावर ताडपत्री टाकली आणि गॅरेजला कुलूप घातलं. सावली गावाला जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याच्या छपराखाली त्यांनी उभी हयात काढली होती. गिऱ्हाईक घरी यायचं तर ते नव्या स्टँडजवळच्या मिस्त्र्याचं दुकान दाखवायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ज्याची सोताची टाकी गळते, त्यानं लोकाइच्या गाडीले हात नाई लावा."

आता हा माणूस म्हणजे असा की टीव्हीवर भाषण चालू असलं तरी मागून जाणाऱ्या गाडीच्या आवाजावरून तिचं काय बिघडलं ते सांगणार. तो ओसरीवर बसून कोंबड्या मोजायला लागला. मी नदीपलीकडे, गडचिरोलीला, दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. रविवारी घरी यायचे तर बाबा खुर्चीवर, मी निघायचे तर बाबा खुर्चीवर. माझा स्वभाव मुळात तापट. आजारी माणसाशी मला नीट बोलता येतं, रुसलेल्याशी नाही. दोन-तीन रविवार मी भांडून परत गेले.

पुढे भात कापणीला आला आणि एका संध्याकाळी आईचा फोन आला. मंडई जवळ आली होती. आमच्या घरी दिवाळी होत नाही, आजोबांच्या पिढीनं बौद्ध धम्म घेतला तेव्हापासूनच; मंडई मात्र आजवर कुणी चुकवलेली नाही. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि त्या दिवशी गावच्या साऱ्या लेकी माहेरी. आईचं माहेर वडशाच्या अलीकडे. गुडघ्यांमुळे तिला एसटीची पायरी चढवत नाही, त्यामुळे तिचं माहेर गाडीवर अवलंबून. मला वाटलं ती माहेरासाठी रडणार. ती रडलीच नाही. म्हणाली, "गाडी भंगारात गेली तं जाऊ दे. मंडई नाई झाली तरी चालंन मले. पण ह्या माणसाले उभं कर, बाई. माह्याच्यानं पाहवत नाई आता."

भंगारवाल्याशी बोलणं झाल्याचंही तिनंच सांगितलं. मंडई झाली की तो गाडी न्यायला येणार होता. मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा मला भीती वाटली. गाडी गेली की बाबांकडे उघडून बघण्यासारखं काही उरणार नव्हतं.

त्या रविवारी मी भांडले नाही. अंगणात गेले, ताडपत्री ओढली, दार उघडलं आणि गॅरेजातून आणलेल्या पान्यानं मागच्या सीटचा बोल्ट सोडवायला लागले. पाना चुकीचा होता. मला ते माहीतही होतं, पण बरोबर कोणता ते माहीत नव्हतं. पाना घसरून बोल्टाच्या डोक्यावरून कर्र कर्र फिरत होता. मी मुद्दाम जोर लावला. गोडीनं बोलावून, ओरडून, रुसून जे झालं नव्हतं ते त्या आवाजानं केलं. बाबा ओसरीवरून उठले, अंगण ओलांडून आले आणि माझ्या हातून पाना काढून घेतला. बोल्टाचं डोकं खराब होताना त्यांना बघवेना.

आधी त्यांनी बॅटरीची तार सुटी केली. पेट्रोलच्या कामाला हात घालायच्या आधी ठिणगीचा रस्ता बंद करायचा, हे ते मला शाळेत जायच्या वयापासून ऐकवत आलेत. मग टाकीतलं पेट्रोल डब्यात काढलं, सीट उचलली, खालची पत्र्याची झाकणी काढली, फ्लोटभोवतीचे स्क्रू सोडवले. फ्लोट वर आला आणि त्याला चिकटून पॅकिंगही आलं. ते फुगून ढिलं झालं होतं आणि त्याच्यावर तपकिरी, चिकट थर होता, गुळाच्या पाकासारखा.

बाबांनी तो बोटावर घेतला, अंगठ्यानं चोळला आणि मला दाखवला. ही त्यांनीच लावलेली लाख होती, आणि लाख अशी राहत नाही, असं ते म्हणाले. ती वाळली की काचेसारखी टणक होते, नखानं निघत नाही. ही ओघळली म्हणजे त्यांच्या हातूनच काही चुकत होतं, एकदा नाही, तिन्ही वेळा. "हात गेला माहा," ते म्हणाले, आणि उठायला लागले.

इथं लाखेचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाबा तरुणपणी अहेरीला जंगलाच्या ठेकेदाराकडे जिपा आणि ट्रक सांभाळायचे. नागपूरहून सामान यायचं तेव्हा यायचं, आणि पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की तेही बंद. तिथल्या म्हाताऱ्या उस्तादानं त्यांना लाखेचं पॅकिंग शिकवलं. आठवडी बाजारात जंगलातल्या बाया पळसाची, कुसुमाची लाख विकायला आणत. ती कुटायची आणि मोहाच्या पहिल्या धारेच्या दारूत भिजत घालायची. दोन दिवसांत तिचा दाट काळपट पाक होतो. पॅकिंगला दोन्ही बाजूंनी तो लावायचा, दारू उडून जाऊ द्यायची आणि सांधा आवळायचा. पेट्रोल लाखेला शिवत नाही. अहेरीपासून वडशापर्यंत किती टाक्या, किती मोटरसायकली, नाटक कंपन्यांची किती जनरेटरं बाबांनी अशी बंद केली असतील, त्याला गणती नाही.

आमच्या गॅरेजात त्यामुळे मोहाची बाटली कायम असायची, आणि बाबा एक थेंब पीत नव्हते. मधली काही वर्षं आमच्या जिल्ह्यातही दारूबंदी होती. तेव्हा एकदा एक शिपाई वासावर आला आणि बाटली ताब्यात घ्यायच्या गोष्टी करायला लागला. बाबांनी त्याला आधी चाखून बघायची विनंती केली. त्यानं खरंच चाखली. दोन दिवस त्याचे ओठ एकमेकांना चिकटत होते म्हणतात. हा किस्सा बाबा इतके रंगवून सांगायचे की आम्ही पोटं धरून हसायचो. गेल्या वर्षभरात त्यांनी तो एकदाही सांगितला नव्हता.

ते उठून चालले तशी मी बॉनेट उघडलं. हातात राग होता आणि काहीतरी उघडायला हवं होतं. इंजिनाजवळ पेट्रोलच्या नळीत बोटाएवढा पारदर्शक फिल्टर असतो. त्याच्या तळाशी लालसर तपकिरी गाळ बसलेला दिसला. मी तो फिल्टर काढून उजेडात धरला. माझं सगळं आयुष्य बाटल्या उजेडात धरण्यात चाललंय, त्यामुळे एवढं मला कळलं की हा गंज नाही. गंज खाली बसतो आणि हलवला की उठतो. हा हलवूनही तळाला आणि भिंतीला चिकटून होता. लाख टाकीच्या तोंडावरून विरघळून टाकीत आणि तिथून नळीनं इथपर्यंत आली होती.

मी बाबांना हाक मारून तसं सांगितलं तर ते चिडले. पेट्रोलात लाख विरघळत नाही, असं त्यांनी मला तीन-तीनदा ऐकवलं. पण चिडले ही गोष्ट मला आवडली. वर्षभरानं त्यांच्या आवाजात धार आली होती. मग त्यांच्या डोक्यात आलं की पेट्रोलातच भेसळ असणार. त्यांनी काचेची एक उभी बाटली घेतली, तिच्यात थोडं पाणी ओतलं, पाण्याच्या पातळीला बाहेरून दोरा बांधला आणि वर टाकीतलं पेट्रोल भरून बाटली जोरानं हलवली. पेट्रोल वर, पाणी खाली, हे ठरलेलं. खालचं पाणी दोऱ्याच्या वर गेलं तर पेट्रोलात आधीच पाणी होतं असं समजायचं, ही त्यांची जुनी रीत. आम्ही दोघं उकिडवे बसून बघत राहिलो. पाणी दोऱ्याच्या वर गेलं. थोडंथोडकं नाही, चांगलं दोन बोटं वर.

बाबा पंपवाल्याचा उद्धार करायला लागले. मी त्यांना स्कूटीवर मागे बसवलं आणि पंपावर नेलं. भांडणात मी त्यांच्या पुढे असते. बाटली नाचवत मी पंपावरच्या माणसाला असं काही सुनावलं की रांगेतल्या मोटरसायकली शांत झाल्या. तो गृहस्थ माझ्यापेक्षा लहान आणि माझ्यापेक्षा शहाणा निघाला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मशीनवर चिकटवलेल्या कागदाकडे बोट दाखवलं. ते पाणी नव्हतं. आता सगळीकडच्याच पेट्रोलात इथेनॉल मिसळलेलं येतं, सरकारचाच नियम आहे, आणि ते इथेनॉल पाण्याला भेटलं की पेट्रोल सोडून पाण्यात जातं, म्हणून खालचा थर वाढतो. उसापासून, मक्यापासून, तांदळापासूनही बनवतात म्हणाला. मी त्याची माफी मागितली. रांगेतल्या एकानं मला अजून थोडं बोला, ताई, असं सुचवलं.

परतीच्या वाटेवर पाण्याच्या टाकीजवळ बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून स्कूटी थांबवायला सांगितली. खाली उतरले. रस्त्याच्या कडेला धानाचे भारे पडले होते, तिथं उभे राहिले. "हे जे मिसळतेत," त्यांनी विचारलं, "हे तुमचं दवाखान्यातलं स्पिरिट होय का?"

"त्याचंच भावंड," मी म्हटलं.

"म्हणजे दारू."

मी हो म्हटलं, आणि म्हणता म्हणता मलाही दिसलं. लाख कशात विरघळते ते बाबांना आयुष्यभर माहीत होतं. त्यांनी स्वतःच ती दारूत विरघळवली होती, हजार वेळा. आता दारू टाकीतच येत होती. तीनदा त्यांनी तो सांधा उत्तम बंद केला होता आणि तीनदा पेट्रोलानं तो आतून धुऊन काढला होता. साऱ्या जगात लाखेनं टाक्या बंद करणारे मिस्त्री फक्त आमच्याकडचे, म्हणून ही चूकही त्यांच्याच हातून व्हायची होती.

बाबा त्या भाऱ्यांकडे बघत होते. मला वाटलं त्यांना वाईट वाटलं, अहेरीच्या उस्तादाची विद्या अशी वाया गेली म्हणून. वाईट वाटलंच असणार. पण ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा बघून माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मंग हात नाई गेला माहा," ते म्हणाले. "पेट्रोल बदललं."

घरी जाईस्तोवर ते मागच्या सीटवर हसत होते. दारूबंदीच्या काळात शिपाई आपली बाटली धरायला आला आणि आता सरकारच पंपावरून दारू वाटतं, हे त्यांना इतकं गमतीचं वाटलं की स्कूटी डुगडुगायला लागली. मी त्यांना नीट बसा म्हणून दटावलं.

पण हसून टाकी बंद होत नाही. लाखेचा उपयोग संपला, मग काय लावायचं, हा प्रश्न होताच. त्या मॉडेलचं पॅकिंग मिळणं बंद झालेलं. पुढच्या सुट्टीला मी चंद्रपूरला जाऊन पार्टच्या दुकानांतून रबराच्या शीटचे तुकडे आणि नळीचे तुकडे आणले. नव्या पेट्रोलला चालेल असं सगळेच दुकानदार शपथेवर सांगत होते. बाबा आता कुणाच्या शपथेवर जाणार नव्हते. त्यांनी लोणच्याच्या रिकाम्या बरण्या मागितल्या. प्रत्येक बरणीत टाकीतलं पेट्रोल ओतून त्यात एकेक तुकडा बुडवला, झाकणं घट्ट लावली आणि त्या घरापासून दूर, न्हाणीच्या मागच्या सावलीत, विटांवर ओळीनं मांडल्या. आईनं त्या बरण्यांवर पाणी सोडलं. रोज सकाळी चहाच्या आधी बाबा तिथं जाऊन तुकडे चिमट्यानं काढत, मोजपट्टी लावत, वाकवून बघत. मला फोनवर सांगत. काळा फुगला. राखाडी मऊ पडला. तपकिरी जो होता, तो जसाच्या तसा. लॅबमध्ये माझ्या हातात कुणाचं तरी रक्त असायचं आणि कानाला हा अहवाल. मी दिवसभर खुशीत असायचे.

तपकिरी शीटचं पॅकिंग कापायचं ठरलं तेव्हा मी जुनं पॅकिंग कागदावर ठेवून पेन्सिलीनं गिरवायला घेतलं. बाबांनी कागद ओढून घेतला. जुनं फुगलेलं आहे, त्याच्यावरून कापलं तर नवंही मापापेक्षा मोठंच होणार, एवढंही मला सुचलं नव्हतं. त्यांनी तो कागद टाकीच्या तोंडावर ठेवला, अंगठ्याला थोडं ग्रीस लावलं आणि कडेकडेनं दाबत गेले. लोखंडाची कड आणि स्क्रूची भोकं कागदावर काळी उमटली. त्या ठशावरून त्यांनी शीट कापली. कात्री चालवताना त्यांचा हात जराही हलत नव्हता. मी दारात उभी राहून त्यांच्या हाताकडे बघत होते.

मंडईच्या आदल्या दिवशी सगळं जोडून झालं. नवं पॅकिंग, टाकीपासून निघणारी नवी नळी, नव्या क्लिपा. आम्ही टाकी भरली आणि गाडी घेऊन तळ्याच्या रस्त्यानं गेलो, जिथं खड्डे चुकवायला जागाच नाही. बाबा मुद्दाम एकही खड्डा सोडत नव्हते. परत आलो, सीट उचलली. सांधा कोरडा. मी टाळी वाजवायला हात उचलले आणि तेवढ्यात वास आला.

बाबांचा चेहरा पडला. इतका पडला की मला त्या क्षणी पेट्रोलाचा शोध लावणाऱ्या माणसाचा राग आला. ते खाली वाकले, पाठीवर झोपले आणि गाडीखाली सरकले. मी आत टॉर्च धरला. टाकी ठीक होती, नळी ठीक होती. पण पुढं इंजिनाकडे जाणारा लोखंडी पाइप एका पट्टीनं गाडीच्या पोटाला धरलेला असतो, आणि त्या पट्टीखाली वर्षानुवर्षं चिखल बसून पाइप कुजला होता. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून थेंब थेंब पेट्रोल येत होतं. नव्या पॅकिंगचा त्यात काही दोष नव्हता. इतके दिवस वरच्या गळतीच्या वासात हा थेंब लपून राहिला होता.

"पुन्हा लाखेचं बोट लावू का?" मी चिडवलं. गाडीखालून हात बाहेर आला आणि त्यानं पाना मागितला. तेव्हा मला हायसं वाटलं. वर्षापूर्वीचे बाबा याच जागी बाहेर येऊन ताडपत्री शोधायला लागले असते. त्यांनी टाकी पुन्हा रिकामी करवली, पाइपचा कुजका तुकडा कापून काढला, दोन्ही टोकं घासून गुळगुळीत केली आणि मध्ये बरणीत टिकलेल्या नळीचा तुकडा चढवून दोन्हीकडे क्लिपा आवळल्या. चिखल परत बसू नये म्हणून ती पट्टी त्यांनी जराशी वर सरकवून लावली. बाहेर आले तेव्हा त्यांच्या केसांत माती होती आणि कपाळावर ग्रीस. टाकी पुन्हा भरून तळ्याच्या रस्त्यानं फेरी मारून आणली. मी त्यांना जेवायला बोलावलं तर म्हणाले, आधी तपासणी.

तपासणी म्हणजे आई. आमच्या घरात आईच्या नाकावर कुणी अपील करू शकत नाही. दूध उतू जायच्या आधी तिला शेजारच्या घरातून कळतं. तिला आणून गाडीत मागे, बरोबर टाकीच्या वर, बसवलं. काचा लावल्या, दारं लावली. ऊन चढलेलं होतं. बाबा बाहेर चिंचेला पाठ टेकून उभे राहिले आणि दुसरीकडेच बघायला लागले. आत आई डोळे मिटून बसली होती, विहारात बसते तशी. मला एकदम वाटलं की तिला वास आला तरी ती सांगणार नाही. मग तिच्याकडे नीट पाहिलं आणि ती भीती गेली. नवऱ्याला बरं वाटावं म्हणून आई खोटं बोलली असं आमच्या घरात कधी घडलेलं नाही.

तिनं दार उघडलं. पदरानं कपाळ पुसलं. बाबा तरी तिकडेच बघत.

"तुमच्या कपड्याचा येऊन राह्यला," आई म्हणाली. "गाडीचा नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. बाबांनी पांढरा सदरा घातला होता, आईनंच कडक इस्त्री करून ठेवलेला. वैनगंगेच्या पुलावर आईनं काच खाली केली आणि पाणी बघत राहिली. दोन्हीकडे धान कापून झालेलं, कुठं भारे, कुठं मळणी. आरमोरीला थांबून मामांच्या घरासाठी जिलेबी घेतली. सगळ्या वाटेवर आई माहेरचं बोलत होती. या मंडईला कोण आलं असेल, कुणाच्या मुलीला बघायला कोण येणार, नाटक कोणतं. बाबा गाडी चालवत होते आणि मधूनच नाक वर करून वास घेत होते. कुठलाच वास नव्हता.

मामांच्या गावात पोचलो तर मंडई भरायला लागली होती. बांगड्यांची दुकानं, पाळणा, भज्यांचा धूर. रस्त्याच्या कडेला नाटक कंपनीची जुनी व्हॅन पडदे आणि पेट्या घेऊन उभी होती. आई मामींच्या गळ्यात पडली, दोघी रडल्या, मग लगेच एकमेकींच्या तब्येतीवरून एकमेकींना रागावल्या. घरात पाहुणेच पाहुणे. मटणाचा वास अंगणभर पसरला होता. पानं वाढायला घेतली तेव्हा बाबा कुठंच दिसेनात.

मी शोधायला निघाले. फार लांब जावं लागलं नाही. त्या व्हॅनच्या खालून दोन पाय बाहेर आलेले होते आणि ते पाय मी ओळखते. बाजूला व्हॅनचा ड्रायव्हर, चांगला वयस्क माणूस, हातात साबणाचा चुरा घेऊन अपराध्यासारखा उभा होता. टाकीची नळी गळते म्हणून त्यानं साबण भरला होता आणि तो दर मुक्कामाला धुऊन जात होता. जाता जाता बाबांना वास आला होता, आणि त्यांनी ड्रायव्हरला तोंडातली विडी विझवून पेट्रोलापासून लांब उभं राहायला सांगितलं होतं. ड्रायव्हर मला म्हणाला की या भाऊंनी कुणी न सांगताच हात घातला. खालून बाबांचा आवाज येत होता. नव्या पेट्रोलात काय असतं, साबण का टिकत नाही, लाख का टिकत नाही, कोणती नळी घ्यायची, ती आधी बरणीत बुडवून कशी बघायची. ऐकायला आजूबाजूच्या तीन-चार मोटरसायकलवाले वाकून उभे होते. पांढऱ्या सदऱ्याची पाठ मातीत होती.

मी जेवायला चला म्हटलं. खालून उत्तर आलं की तुम्ही सुरू करा, एवढं झालं की आलोच. हे 'आलोच' म्हणजे किती वेळ, ते मला लहानपणापासून माहीत आहे.

घरी येऊन मी ते सांगितलं, आणि सदऱ्याचंही सांगितलं, कारण आता आईच्या तोंडाचा पट्टा सुटणार हे मला बघायचं होतं. मामींनी बाबांचं पान वाढून ठेवलं होतं. आई त्या पानाकडे बघत राहिली. मग दुसरी थाळी घेऊन तिनं ते झाकलं आणि मामींना म्हणाली, "मिस्त्र्याच्या घरी असंच राह्यते वो. येईन म्हणते अन् येत नाई. जेव म्हटलं तं जेवत नाई. कपडे तं पाहूच नको. काय करतं अशा माणसाचं?"

मामी हसल्या. आई हसली नाही. ती त्याच सुरात बोलत राहिली, बाबांच्या एकेका खोडीबद्दल, सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. वर्षभर तिनं त्यांच्याबद्दल एक तक्रार केली नव्हती.